मारबतीची छायाचित्रे आणि फाइलींना नावे देणारी स्क्रिप्ट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरात मारबत आणि बडगे या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळ्या आणि पिवळ्या मारबतीची ही परंपरा १८८० च्या दशकापासून चालत आलेली आहे, आणि इतवारी, महाल, जागनाथ बुधवारी या जुन्या वस्त्यांतील घराघरांत त्या दिवसाची छायाचित्रे सापडतात. ही छायाचित्रे एका ठिकाणी आणावीत, वर्षवार लावावीत आणि पुढे कोणालाही शोधता यावीत, असे आमच्या ओळखीतील काही जणांनी ठरवले. संगणकाचे काम माझ्याकडे आले. लोकांनी मोठ्या आपुलकीने पेन ड्राइव्ह, जुन्या हार्ड डिस्क, मेमरी कार्ड, मोबाइल असे जे असेल ते आणून दिले आणि काही हजार फाइली जमल्या. त्यांना नावे देण्यासाठी आणि एका संग्रहात आणण्यासाठी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत जी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिला, त्यातील निर्णयांविषयी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण असे काम अनेक मंडळांना, वाचनालयांना आणि कुटुंबांना करावे लागते आणि त्यातील अवघड भाग स्क्रिप्टच्या ओळी लिहिण्यात फारसा नसतो.

आधी नावांची स्थिती सांगतो. बहुतेक डिजिटल कॅमेरे एका ठरलेल्या पद्धतीने नाव देतात: चार अक्षरे आणि चार आकडे. हे आकडे ९९९९ पर्यंत गेले की पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. त्यामुळे एकाच कॅमेऱ्यातून वेगवेगळ्या वर्षी निघालेल्या दोन छायाचित्रांचे नाव तंतोतंत सारखे असू शकते, आणि एकाच कंपनीचे कॅमेरे वापरणाऱ्या दोन व्यक्तींच्या बाबतीत तर ते हमखास घडते. अशा फाइली एका फोल्डरमध्ये टाकताना संगणक ‘बदलायची का’ असे विचारतो, घाईत ‘होय’ दाबले जाते आणि कोणाचे तरी एक वर्ष पुसले जाते. म्हणून गोळा करणे आणि नाव बदलणे ही दोन कामे वेगळी ठेवून चालत नाही. नवे नाव आधी ठरले पाहिजे आणि फाइल संग्रहात त्याच नावाने शिरली पाहिजे.

दुसरा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लोकांनी दिलेल्या मूळ फाइलींना स्क्रिप्टने हात लावायचा नाही. प्रत्येकाने दिलेले साहित्य त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये, आहे त्या रचनेसह, वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवायचे आणि स्क्रिप्टने तेथून फक्त वाचायचे. संग्रहात जाते ती प्रत. याला दुप्पट जागा लागते, पण हार्ड डिस्क विकत मिळते आणि एखाद्या आजोबांनी काढलेले छायाचित्र मिळत नाही. शिवाय मूळ फोल्डरचे नाव हीसुद्धा माहितीच असते. ‘नाईक तलाव, विसर्जन’ असे कोणी हाताने लिहिलेले नाव एकदा मोडले की ती माहिती छायाचित्रात कोठेही उरत नाही. माझी स्क्रिप्ट प्रत्येक प्रतीसाठी मूळ पत्ता पूर्णपणे नोंदवून ठेवते.

आता नाव कसे असावे, याविषयी. मी वर्ष, महिना, दिवस, मग वेळ आणि शेवटी ओळखीचा छोटा संकेत असा क्रम घेतला. वर्ष आधी लिहिण्याचा फायदा असा की फाइली नावाने लावल्या तरी त्या आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. १९८८ मध्ये आलेल्या आयएसओ ८६०१ या मानकातही हाच क्रम आहे. महिना आणि दिवस नेहमी दोन आकडी हवेत, नाहीतर साध्या अक्षरक्रमात दहा हा आकडा दोनच्या आधी येऊन बसतो. वेळ लिहिताना तास आणि मिनिटांमध्ये अपूर्णविराम घालता येत नाही, कारण विंडोजमध्ये फाइलीच्या नावात ते चिन्ह चालत नाही. प्रश्नचिन्ह, तारांकित चिन्ह, दुहेरी अवतरण, उभी रेघ, दोन्ही तिरप्या रेघा आणि लहान-मोठेपणाची दोन्ही चिन्हेही चालत नाहीत. लिनक्स या दुसऱ्या संगणक-प्रणालीवर यांतील बहुतेक चालतात, आणि म्हणूनच लिनक्सवर तयार केलेला संग्रह दुसऱ्याच्या विंडोज संगणकावर उतरवताना अडतो. जे सर्वत्र चालेल तेवढेच नावात ठेवणे बरे.

तारीख मिळवायची कोठून, हा या कामाचा गाभा आहे. कॅमेरा छायाचित्रासोबत एक्सिफ नावाची माहिती लिहितो आणि तिच्यात छायाचित्र टिपल्याची मूळ तारीख व वेळ असते. पायथनमध्ये पिलो ही लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा कोड, ती वाचते. येथे एक बारकावा आहे. पिलोकडून एक्सिफ मागितले की आधी वरच्या थरातील नोंदी मिळतात, आणि तेथे जी तारीख असते ती फाइल शेवटची बदलल्याची असते. कोणी छायाचित्र उजळ केले किंवा कापले की बरीच सॉफ्टवेअरे तीच बदलतात. टिपल्याची खरी तारीख आतल्या थरात असते आणि तो थर स्वतंत्रपणे मागावा लागतो. २०१७ नंतरच्या आयफोनमधील छायाचित्रे बहुधा हेइक या प्रकारात असतात. ती पिलो स्वतःहून उघडत नाही, त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते. ती न घेतल्यास स्क्रिप्ट अशा सगळ्या फाइली ‘तारीख नाही’ या गटात टाकते, आणि पाहणाऱ्याचा समज होतो की त्यांच्यात तारीख नाहीच.

एक्सिफ नसेल तर फाइल बदलल्याची तारीख वापरावी, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. मी तो सरसकट मानत नाही. ही तारीख एका डिस्कवरून दुसरीवर जाताना कधी टिकते, कधी बदलते. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीवर उतरवल्याची तारीख पडते. पायथनमध्येही प्रत काढण्याच्या दोन नेहमीच्या पद्धती आहेत. शटिल या मॉड्यूलमधील ‘कॉपी’ ही तारीख सोडून देते आणि ‘कॉपी२’ ती जपण्याचा प्रयत्न करते. मी सगळीकडे ‘कॉपी२’ वापरले, पण त्या तारखेवरून नाव मात्र ठरवले नाही. ती फक्त एक संशयित पुरावा म्हणून तक्त्यात लिहिली.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या छायाचित्रांचा वेगळा विचार करावा लागला, कारण संग्रहातील मोठा वाटा त्यांचाच आहे. व्हॉट्सॲप छायाचित्र लहान करते आणि त्यातील एक्सिफ काढून टाकते. अँड्रॉइडवर फाइलीच्या नावात आठ आकडी तारीख येते खरी, परंतु ती छायाचित्र पाठवल्याची किंवा आल्याची असते. मिरवणुकीच्या दिवशीच पाठवले असेल तर दोन्ही तारखा जुळतात. कोणी दिवाळीत जुन्या आठवणी म्हणून पाठवले असेल तर मारबतीचे छायाचित्र कार्तिकात जाऊन पडते. या फाइलींना मी नावात तारीख दिली, पण तिच्यापुढे ‘आवक’ हा शब्द जोडला, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याला ती टिपल्याची तारीख वाटणार नाही. यानंतर छायाचित्रे मागताना आम्ही सर्वांना एकच विनंती केली: छायाचित्र म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तसे पाठवल्यास फाइल जशीच्या तशी येते.

आवक झालेली तारीख खरी असण्याची शक्यता किती, हे तपासण्यासाठी पंचांग कामाला आले. मारबतीची तारीख इंग्रजी महिन्यांत स्थिर नसते. २०२२ मध्ये ती २७ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे १५ सप्टेंबरला गेली, २०२४ मध्ये ३ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २३ ऑगस्टला आली. हे कोणत्याही साध्या बेरजेने काढता येत नाही, म्हणून मी स्क्रिप्टला वर्षागणिक तारखांचा एक छोटा तक्ता दिला. छायाचित्राची तारीख त्या वर्षीच्या पोळ्याच्या किंवा मारबतीच्या तारखेशी जुळली तर स्क्रिप्ट नावात ‘पोळा’ किंवा ‘मारबत’ हा शब्द सुचवते, आणि जुळली नाही तर फाइल माणसाने पाहावी म्हणून बाजूला ठेवते. तान्हा पोळाही मारबतीच्याच दिवशी असतो, त्यामुळे लाकडी बैल घेऊन निघालेल्या मुलांची छायाचित्रे मारबत म्हणून येत होती; ती डोळ्यांनीच वेगळी करावी लागली. या तपासणीतून घड्याळ चुकीचे लावलेले कॅमेरेही सापडले. एकाच कॅमेऱ्यातील मिरवणुकीची सगळी छायाचित्रे जर जानेवारीची तारीख सांगत असतील, तर बॅटरी संपून घड्याळ मूळ पदावर गेले आहे हे उघड असते, आणि अशा वेळी त्या कॅमेऱ्याच्या सर्व फाइलींना एकच फरक जोडून दुरुस्ती करता येते. आपसातील क्रम त्यामुळे बिघडत नाही.

व्हिडिओच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मोबाइलवरील व्हिडिओच्या फाइलीत निर्मितीची वेळ सहसा जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते, तर छायाचित्राच्या एक्सिफमध्ये स्थानिक वेळ असते. साडेपाच तासांचा हा फरक न धरल्यास सकाळी दहा वाजता इतवारीत घेतलेला व्हिडिओ पहाटे साडेचारचा ठरतो आणि त्याच क्षणाच्या छायाचित्रांपासून कितीतरी दूर जाऊन बसतो. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतील व्हिडिओ तर आदल्या दिवसावर जातात. काही कॅमेरे मात्र व्हिडिओतही स्थानिक वेळच लिहितात, म्हणून साडेपाच तास डोळे मिटून जोडणेही योग्य नाही. मी प्रत्येक उपकरणासाठी, जेथे शक्य होते तेथे, एका व्हिडिओची त्याच प्रसंगाच्या छायाचित्राशी तुलना केली आणि मग त्या उपकरणाचा नियम तक्त्यात लिहिला.

देवनागरी नावांविषयी मला विशेष आस्थेने लिहायचे आहे, कारण मराठी माणसाने आपल्या फाइलींना मराठीत नाव द्यावे असे मला मनापासून वाटते आणि त्यातील तांत्रिक अडचणी सुटण्यासारख्या आहेत. पहिली अडचण लांबीची. लिनक्सवरील फाइली साठवण्याच्या नेहमीच्या ईएक्सटी४ पद्धतीत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मारबत’ एवढ्या शब्दाला काना धरून १५ बाइट लागतात. म्हणजे एका नावात जास्तीत जास्त ८५ चिन्हे बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सारी स्वतंत्र मोजली जातात. वर्णनाचे पूर्ण वाक्य नावात घालण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. दोन व्यक्तींनी दिलेल्या साहित्यात ‘दुसऱ्या कॅमेऱ्यातले’ या एकाच नावाचे फोल्डर असतील, तरी संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे असू शकतात. या शब्दांतील ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या संगणकीय चिन्हांच्या यादीत, एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो, ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (बिंदू) अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो, आणि काही कळफलक तोच आकार ‘र’, हलन्त व शून्य रुंदीचा जोडक अशा तीन चिन्हांनी उमटवतात. मॅकवरील जुनी एचएफएस प्लस पद्धत नावे सुटी करून साठवत असे, त्यामुळे मॅकवरून आलेल्या डिस्कमध्ये हा प्रकार अधिक आढळतो. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधील ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन एनएफसी या, सुटी चिन्हे जोडणाऱ्या, रूपात वापरले की पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा प्रकार त्याने एक होत नाही. त्यासाठी ती तीन चिन्हे शोधून बदलणारी एक स्वतंत्र ओळ लिहावी लागते. तुलना करण्यापूर्वी आणि नवे नाव लिहिण्यापूर्वी, अशा दोन्ही वेळी हे करायला हवे. आकड्यांच्या बाबतीत पायथन उदार आहे. देवनागरी आकडे तो आकडे म्हणूनच ओळखतो आणि त्यांची संख्या करतो, त्यामुळे कोणी फोल्डरवर देवनागरीत वर्ष लिहिले असेल तर ते सहज वाचता येते. परंतु क्रम लावताना देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांच्या मागे जातात, म्हणून नवे नाव लिहिताना एकच आकडेपद्धत सर्वत्र ठेवावी.

एकाच सेकंदात चार-पाच छायाचित्रे टिपली गेली असतील, तर केवळ वेळेवरून नाव वेगळे होत नाही. अनेक जण शेवटी एक, दोन, तीन असा क्रमांक देतात. मी एसएचए-२५६ हॅशची, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून गणिताने काढलेल्या आकडे-अक्षरांच्या ओळीची, पहिली आठ चिन्हे जोडली. क्रमांक हा स्क्रिप्ट कोणत्या क्रमाने फाइली वाचते यावर अवलंबून असतो आणि उद्या नवी फाइल मध्ये आली की बदलू शकतो. हॅश त्या फाइलीचीच खूण असते, त्यामुळे स्क्रिप्ट कितीही वेळा चालवली तरी तीच फाइल तेच नाव घेते. पुढच्या वर्षीचे साहित्य आले की जुन्या संग्रहाला धक्का न लावता ते आत घेता येते, हा याचा खरा लाभ आहे. ज्या फाइली जोडीने येतात, उदाहरणार्थ कॅमेऱ्यातील रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली, फाइल आणि तिची जेपीईजी, त्यांना मात्र जेपीईजीच्या हॅशवरून एकच नाव दिले, नाहीतर जोडी तुटते.

हॅशमुळे नेमक्या दुहेरी प्रतीही कळतात. आधी आकाराने समान फाइलींचे गट करायचे आणि फक्त त्यांचाच पूर्ण हॅश तपासायचा, म्हणजे वेळ वाचतो. परंतु व्हॉट्सॲपवरून लहान होऊन आलेली प्रत आणि मूळ छायाचित्र यांचे हॅश कधीच जुळणार नाहीत. दिसण्यावरून जुळणी करणारे हॅशही असतात आणि त्यांनी अशा जोड्या सुचवल्या जातात, पण मिरवणुकीत एका जागेवरून लागोपाठ घेतलेली दोन वेगळी छायाचित्रेही त्यांना सारखीच वाटतात. म्हणून या सुचवणीवरून स्क्रिप्टने काहीही पुसू नये असे मी ठरवले. दोन्ही फाइली राहतात आणि तक्त्यात त्यांची जोडी नोंदवली जाते.

एवढे ठरल्यावर प्रत्यक्ष नाव बदलण्याचा भाग छोटा उरतो, मात्र तो दोन टप्प्यांत असावा. पहिल्या टप्प्यात स्क्रिप्ट एकही फाइल न हलवता फक्त एक सीएसव्ही तक्ता (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) लिहिते: मूळ पत्ता, सुचवलेले नाव, तारीख कोठून मिळाली, शंका असल्यास कोणती. हा तक्ता आमच्यातील ज्येष्ठांनी वाचला, दुरुस्त केला, आणि मगच दुसऱ्या टप्प्यातील स्क्रिप्टने तो वाचून प्रती काढल्या. तक्ता एक्सेलमध्ये उघडायचा असेल तर तो यूटीएफ-८ मध्ये, सुरुवातीच्या ओळखचिन्हासह लिहावा. पायथनमध्ये त्यासाठी ‘यूटीएफ-८-सिग’ असा पर्याय आहे. तो न दिल्यास एक्सेलमध्ये देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात आणि तक्ता कोणाला वाचता येत नाही. आणखी एक काळजी घ्यावी. हॅशच्या आठ चिन्हांत आकडे आणि मध्ये एकच ‘ई’ आला, तर एक्सेल त्याला प्रचंड मोठी संख्या समजून बदलून टाकते. हॅशच्या आधी एक अक्षर जोडले की हा धोका टळतो.

दुसऱ्या टप्प्यात एकच नियम कडक ठेवावा: त्या नावाची फाइल आधीच असेल तर थांबायचे. पायथनचे ‘रिनेम’ विंडोजवर अशा वेळी त्रुटी देते, पण लिनक्स आणि मॅकवर ते आधीची फाइल न विचारता पुसून तिच्या जागी नवी ठेवते. ‘कॉपी२’ही असलेल्या फाइलीवर लिहिते. म्हणून प्रत काढण्यापूर्वी नाव मोकळे आहे का, हे स्क्रिप्टनेच पाहिले पाहिजे, आणि प्रत झाल्यावर तिचा हॅश मुळाशी जुळवला पाहिजे.

स्क्रिप्ट लिहिणे ज्यांना शक्य नाही त्यांनी थांबण्याचे कारण नाही. फिल हार्वे यांनी २००३ पासून विकसित केलेले एक्सिफटूल विनामूल्य आहे, तारखेवरून नावे देते आणि प्रत्यक्ष बदल न करता नवी नावे कशी होतील ते आधी दाखवण्याची सोयही त्यात आहे. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या साधनसंचातील पॉवररिनेम साध्या शोधून-बदलण्याच्या कामाला पुरेसे आहे. आमच्या कामात पंचांगाचा तक्ता आणि प्रत्येक उपकरणाचे वेगळे नियम होते, म्हणून स्वतः लिहिणे भाग पडले.

शेवटी स्कॅन केलेली जुनी छायाचित्रे उरतात, आणि त्यांच्यापुढे हे सगळे निरुपयोगी ठरते, कारण स्कॅनर स्वतःची तारीख लिहितो. येथे आधार मिळाला तो बडग्यांचा. बडगे दर वर्षी त्या त्या काळातील प्रश्नांवर, महागाईवर, भ्रष्टाचारावर, एखाद्या गाजलेल्या घटनेवर केलेले असतात, आणि त्यांच्या अंगावरील पाट्या छायाचित्रात बऱ्याचदा वाचता येतात. वस्तीतील वयस्कर मंडळी ती पाटी पाहून हे अमुक वर्षाचे आहे असे सांगतात आणि दोघांचे मत वेगळे पडले तर कारणांसह वाद घालतात. त्यासाठी तक्त्यात दोन रकाने वाढवले: एकात सुचवलेले वर्ष आणि दुसऱ्यात ते कोणी, कशावरून सांगितले. ज्या छायाचित्रांचे वर्ष एकमताने ठरले त्यांना स्क्रिप्ट वर्षापुढे ‘अंदाजे’ लिहून नाव देते; उरलेली सध्या वर्षाविना, फक्त हॅशच्या नावाने, वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. पुढील पोळ्याच्या आधी त्यांचे छापील पान करून इतवारीतील घरांमध्ये दाखवायला न्यायचे आहे.